अंगठ्याखालचा दम

हळद शिजायला लागली की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. आमच्या वसमत भागात हे मोठ्यानं बोलायची सोय नाही. इथं लग्नं हळदीवर ठरतात, घरांचे स्लॅब हळदीवर पडतात आणि आमच्या दुकानात येणारी इंजिनंसुद्धा तिच्याच जिवावर येतात. तरीपण फाल्गुन निम्मा सरला आणि सकाळच्या गारव्यात शिवाराकडून तो ओला, मातकट, थोडा कडवट वाफेचा वास आला की मला आधी आठवतो तो माझ्या बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा. मग दिवसभर कामात लक्ष लागत नाही.

यंदा वासाबरोबर गंगाधररावांच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचा ब्लॉकही आला. परवा दुपारी टेम्पोतून दोघांनी उतरवून बाकावर ठेवला. त्या ब्लॉकशी माझी जुनी ओळख आहे. खरं तर तो परत कधी येऊ नये असं मला वाटत होतं.

मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं बोअरिंगचं दुकान आहे. महिन्यातून एकदा तरी कुणी येऊन 'आमच्या रानात किती फुटाला पाणी लागंल?' असं विचारतोच. आम्ही जमिनीला नाही, इंजिनाला बोअर मारतो, हे सांगितलं की माणूस आमच्याकडं थोडं कीव केल्यासारखं बघून निघून जातो. ट्रॅक्टर, पंप, जुन्या जीपा यांची झिजलेली इंजिनं इथं येतात. बाबांनी हे दुकान पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलं, आणि अजून ते पत्र्याचंच आहे. उन्हाळ्यात आत बसलं की आपणही शिजतोय असं वाटतं.

इंजिनात टॅपेट नावाची एक वस्तू असते. बोटभर लांबीचा, पेल्यासारखा, खालून बंद असा लोखंडी तुकडा. खाली कॅमशाफ्ट फिरतो, तो टॅपेटला उचलतो आणि सोडतो, त्यावर वरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. ब्लॉकमधल्या ज्या भोकात हा टॅपेट जन्मभर वरखाली होत राहतो त्याला बाबा 'घर' म्हणायचे. तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला सहा टॅपेट, म्हणजे सहा घरं. गिऱ्हाईक पिस्टनची चौकशी करतं, पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्या लायनरची करतं, कारण ते मोठं असतं, हातात धरून बघता येतं. घराबद्दल कुणी विचारत नाही. घर झिजलं की टॅपेट आत तिरका होतो, इंजिन टकटक करायला लागतं, कॅम खरवडला जातो. मग लोक वरून व्हॉल्व्हचं अंतर जुळवत बसतात, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा टकटक.

बाबांना घर तपासताना बघणं हा माझ्या लहानपणापासूनचा आवडता उद्योग होता. धुतलेला ब्लॉक बाकावर उभा करायचे. टॅपेटला पातळ मशीन ऑइलचं बोट लावायचे. उजवा हात खालून आत घालून घराचं खालचं तोंड अंगठ्यानं बंद करायचे, डाव्या हातानं टॅपेट वरून सोडायचे आणि डोळे मिटायचे. घर चांगलं असलं तर आतली हवा कोंडते आणि टॅपेट एकदम पडत नाही. तो सावकाश, रेंगाळत उतरतो आणि त्याच्या आधी हवेचा दाब अंगठ्याला लागतो. याला ते दम म्हणायचे. 'दम धरून राहिलं' म्हणजे घर पास. झिजलेल्या घरात हवा कडेनं निसटते आणि टॅपेट धपकन अंगठ्यावर येतो. पास घराशी ते खडूनं गोल काढायचे, नापास घराशी फुली.

टॅपेटसाठी त्यांनी बाभळीची एक फळी केली होती. तिला भोकं, भोकांना नंबर. ज्या घरातला टॅपेट त्याच नंबरच्या भोकात उभा राहायचा, कारण झिजताना घर आणि टॅपेट एकमेकांच्या जोडीनं झिजतात. एकाचा टॅपेट दुसऱ्याच्या घरात घालणारा मिस्त्री बाबांच्या लेखी माणसातून उठलेला होता. फळी कुणी हलवली तर ते जेवण सोडून उठायचे. आईला ती फळी पाट म्हणून वापरावीशी वाटली होती, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

आणखी एक रीत होती. झिजलेलं घर मोठं करून त्यात बुश ठोकला, म्हणजे घरात नवं अस्तर बसवलं, की बाबा त्या घराच्या खालच्या कडेशी सेंटर पंचनं एक ठिपका मारायचे. एकच, खोल, स्वच्छ. इंजिन बांधल्यावर तो कुणालाच दिसत नाही. मी एकदा विचारलं होतं, मग मारायचा कशाला?

"दुरुस्ती झाकून ठेवू नाही, बाई," ते म्हणाले. "उद्या दुसरा मिस्त्री खोलंल, त्याला कळलं पायजे, हे घर मूळचं न्हाई. न्हाईतं तो मूळचं समजून माप घेईल आन फसंल. त्याला काहून फसवावं?"

मी हिंगोलीला आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स केला. वर्गात मुली दोनच होत्या, दुसरीचं लग्न झालं आणि मी एकटी उरले. परत आले ती टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर घेऊन, आणि चांगलीच फुशारकी घेऊन. पहिलं वर्षभर बाबांनी घर पास केलं की मी मागून गेज लावायचे. घराचं माप वर, मध्ये, खाली घ्यायचं, लांबीच्या दिशेनं आणि आडवं घ्यायचं, मग टॅपेटचं माप त्यातून वजा करायचं. प्रत्येक वेळी अंगठा बरोबर निघाला. बाबा कधी 'बघ, म्हणालो नव्हतो?' असं बोलले नाहीत. नुसते मिशीत हसायचे, आणि ते जास्त झोंबायचं. शेवटी मी गेज डब्यात ठेवून दिलं.

कळमनुरीहून, औंढ्याहून, पार कनेरगाव नाक्याहून ब्लॉक यायचे. तिकडंही बोअरिंगवाले होते, मोठी मशीन घेऊन बसलेले. पण माणसं इकडं यायची आणि पहिला प्रश्न असायचा, "मिस्त्रीनं अंगठा लावला का?" बाबांचं शिक्षण चौथीपर्यंत. गावाकडच्या जमिनीत त्यांचा वाटा म्हणजे बांधावरची दोन झाडं. ज्या गावात त्यांच्या वडिलांना कुणी ओट्यावर बसा म्हटलं नव्हतं, त्या गावची माणसं आमच्या दुकानात स्टुलावर बसून बाबांच्या तोंडाकडं बघत राहायची, ते डोळे कधी उघडतात आणि काय म्हणतात यासाठी. त्या माणसाकडं आपलं म्हणावं असं जे काही होतं ते सगळं त्या अंगठ्यात होतं. तो अंगठाच गेला असता तर काय उरलं असतं, हा विचार त्या हंगामाआधी माझ्या मनात आला नव्हता.

त्या वर्षी हळद जोरात होती. गंगाधरराव शिरड शहापूरचे. त्यांचा ट्रॅक्टर आणि हळद पॉलिश करायचा ढोल हंगामभर या रानातून त्या रानात फिरतो. शिजवून वाळवलेली हळद ढोलात घालायची, ट्रॅक्टरनं ढोल फिरवायचा, सालं घासून निघतात, हळकुंड पिवळंधमक होतं. हंगाम ऐन भरात आणि ट्रॅक्टर टकटक करायला लागला. ढोलावर जोर आला की दम टाकायचा. त्यांनी बाबांना आवाज ऐकायला बोलावलं, मी मोटारसायकलवर त्यांना घेऊन गेले.

बाबांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली. "टॅपेट हाय," म्हणाले. "खोलावं लागंल."

शेजारच्या वावरात हळद शिजवायचा कुकर चालू होता. लोखंडी टाक्यांमधून वाफ उसळत होती, सगळ्या रानावर पिवळट धुकं. एका टाकीचं झाकण उघडलं होतं आणि दोघंजण शिजलेली हळद फावड्यानं ताडपत्रीवर ओढत होते. बाबा बोलता बोलता तिकडं वळले, ढिगातलं एक हळकुंड उचललं आणि शिजलंय का बघायला अंगठ्यानं दाबलं. दाबून धरलं, आणि तसंच धरून गंगाधररावांशी बोलत राहिले. इंजिन कधी खोलायचं, कुणी आणून द्यायचं. हळकुंडातून वाफ निघत होती.

"अहो मिस्त्री, भाजंल ना!" फावडंवाला ओरडला. त्यानं स्वतःच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

बाबांनी हाताकडं बघितलं आणि हळकुंड टाकून दिलं. "लोखंडात हात घालून घालून कातडं मेलं," ते म्हणाले. सगळे हसले. गंगाधरराव म्हणाले, "मिस्त्रीचा हात बी लोखंडाचाच हाय." मीही हसले. या हसण्याची मला अजून लाज वाटते.

येताना बाबांच्या डाव्या पायातली चप्पल रस्त्यात कुठंतरी पडली. दुकानात उतरेपर्यंत त्यांना कळलं नव्हतं. साखर त्यांना बारा-तेरा वर्षं होती. गोळ्या वेळेवर घेतो असं सांगायचे आणि खिशात गूळ ठेवायचे.

तीन दिवसांनी ब्लॉक आला. धुऊन बाकावर उभा केला. गंगाधररावांनी स्टूल ओढलं. मी लेथवर काम करत होते, पण नजर तिकडंच होती. बाबांनी बाकाखालच्या कप्प्यातून तेलाचा डबा घेतला, थेंब बोटावर घेतला आणि अंगठा न् बोट एकमेकांवर घासलं. ही त्यांची सवय. थेंब घासून तेल पातळ की जाड ते सांगायचे. दुकानदारानं भेसळ केली तर डबा परत घेऊन जायचे. त्यांनी घासलं, मान हलवली आणि ते तेल टॅपेटला लावलं.

ते गिअर ऑइल होतं. काकवीसारखं जाड. दोन डबे शेजारी होते, दोन्ही सारखेच काळे झालेले. एरवी गिअर ऑइल नाकालाही कळतं, इतका उग्र वास. पण त्या दिवसांत वसमतला हळदीशिवाय कशाचा वास येत नाही. राहिली बोटं. ती तर थेंब घासून गप्प बसली होती.

जाड तेल लावलं की झिजलेलं घरही दम धरतं. कडेची फट तेलानंच भरून जाते. पहिला टॅपेट सोडला. बाबांनी डोळे मिटले. टॅपेट सावकाश उतरला. दुसरा, तिसरा. प्रत्येक घराशी खडूचा गोल. सहाव्यानंतर त्यांनी हात पुसले.

"घरं बराबर हायत, गंगाधरराव. कॅम खराब झाला, तेवढा बदलू. घराची काय तकलीफ न्हाई."

"तुमी म्हणता म्हणल्यावर झालं," गंगाधरराव म्हणाले आणि निर्धास्त होऊन गेले.

मला तेव्हाच बोलता आलं असतं. गंगाधरराव गेल्यावर तरी बोलता आलं असतं. 'बाबा, डबा चुकला' एवढंच. डबा कुणाचाही चुकतो. पण चूक डब्याची नव्हती, आणि ते मला माहीत होतं. मी लेथ बंद केला, झाडू घेतला आणि स्वच्छच असलेली जागा पुन्हा झाडली.

दुसऱ्या दिवशी बाबा आत्याच्या नातीच्या साखरपुड्याला कनेरगाव नाक्याला गेले. आईही गेली. सकाळच्या एसटीनं गेले ते संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. मी शटर अर्धं ओढलं आणि डब्यातून गेज काढलं.

चार घरं ठीक होती. दोन नंबरचं आणि पाच नंबरचं गेलेलं होतं. वरच्या तोंडाशी माप जवळपास नव्यासारखं, आणि खाली कॅमच्या बाजूला गेज नेलं की माप वाढत जायचं, आडव्या दिशेनं जास्त. भोक गोल राहिलंच नव्हतं. चालण्याजोग्या सैलपणाच्या तिप्पट. मी तीनतीनदा मोजलं. माझं माप चुकावं असं वाटत होतं. आयुष्यात कधी स्वतःची चूक इतक्या मनापासून शोधली नाही. मग पातळ तेल लावून, माझा अंगठा खाली धरून दोन नंबरचा टॅपेट सोडला. तो धपकन येऊन आदळला.

मी बाकावर बसून राहिले. बाहेर मोंढ्याकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. सांगायचं तर बाबांना एकट्याला सांगून भागणार नव्हतं. फुली मारायची म्हणजे गोल पुसायचा, आणि तो गोल गंगाधररावांनी बघितला होता. गोल का पुसला ते सांगावं लागलं असतं, आणि गंगाधरराव हंगामभर दहा गावं फिरतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. नुसतं म्हणाले असते, मिस्त्रीचा अंगठा आता पहिल्यासारखा राहिला न्हाई. एवढं वाक्य पुरलं असतं. आणि न सांगता ब्लॉक तसाच दिला असता तर महिनाभरात नवा कॅम खाल्ला गेला असता. मग तेच वाक्य.

तेव्हा मी तिसरा रस्ता काढला. मला वाटलं, फार शहाणपणाचा काढला.

भंगारातला एक जुना लायनर घेतला. त्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, चांगलं असतं, घट्ट, बारीक कणांचं. त्याचे दोन तुकडे कापून लेथवर दोन बुश काढले. ब्लॉक मशीनवर चढवला. घराचं वरचं तोंड फारसं झिजलेलं नव्हतं, त्यावरून केंद्र धरलं. खालच्या झिजलेल्या तोंडावरून धरलं तर नवं घरही तिरकं होतं. दोन्ही घरं मोठी केली, बुश बाहेरून किंचित जास्त मापाचे ठेवून ठोकून बसवले. मग भोक नेमक्या मापात आणणारा रीमर हातानं फिरवला, रॉकेल सोडत, घाई न करता, थोडं फिरवायचं, काढायचं, पुसायचं, टॅपेट लावून बघायचं. बिडाची काळी भुकटी तळहाताच्या रेघांमध्ये भरत होती. जेवायचं विसरले. शेवटी पातळ तेल लावून टॅपेट सोडला. तो रेंगाळत, दमानं उतरला आणि माझ्या अंगठ्याला हवा लागली. माझ्या हातून इतकं सफाईचं काम त्याआधी झालं नव्हतं, आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

बुशची कड घासून ब्लॉकशी इतकी सपाट केली की वरून बघणाऱ्याला काही दिसू नये. खडूचे गोल होते तिथं पुन्हा काढले, बाबांच्या हातासारखे थोडे लांबट. पंच हातात घेतला आणि परत ठेवला. ठिपका मारला असता तर सगळंच बोललं असतं. सगळी भुकटी गोळा करून मागच्या नालीत टाकली.

बाबा दिवेलागणीला आले. मी चहा दिला. त्यांनी पेला घेतला आणि माझ्या हाताकडं बघितलं.

"आज काय केलंस?"

"पंपाचं एक काम होतं, बाबा."

"गंगाधररावच्या ब्लॉकला हात लावला का?"

"न्हाई. तुमी बघितला ना," मी म्हणाले.

त्यांनी चहा संपवला. गरम चहा, घोट घोट न घेता. "हात धू नीट," म्हणाले, "बीड निघत न्हाई लौकर."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले की बांधायच्या आधी ब्लॉक मी धुतो, तू जेवून ये. धुण्याचं काम त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, "जा म्हणलं ना." आमचं घर दुकानाच्या मागंच, मध्ये एक भिंत. मी भाकरी मोडत होते तेव्हा दुकानातून हातोडीचा आवाज आला. एकदा. मग थांबून तीनचार वेळा, एकामागून एक, कमीजास्त. पाण्याच्या बाजूची टोपणं बसवत असतील असं मनात आलं आणि मी वरण वाढून घेतलं.

इंजिन बांधलं, चालू झालं, आवाज गेला. गंगाधररावांनी पेढे आणले. "मिस्त्री, तुमचा अंगठा म्हणजे मशीन हाय!" बाबा हसले नाहीत, पेढा हातात धरून उभे राहिले. मला वाटलं, साखरेमुळं खात नाहीत.

त्यानंतर ते म्हणायला लागले, "मी बघितलं, आता तू गेज लाव. तुझं माप खरं." मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी माझ्या शिक्षणाची कदर झाली असं समजून मी फुगले. पुढं ते म्हणाले चष्मा जुना झाला, तूच बघ. नवा चष्मा करायला नेलं तर म्हणाले, राहू दे. पाऊस सुरू झाला तेव्हा त्यांनी आपलं स्टूल बाकापासून उचलून दारात नेलं. तिथून ते येणाऱ्याजाणाऱ्याला जय भीम घालायचे, पावसाकडं बघत बसायचे. कुणी 'मिस्त्री, अंगठा लावा' म्हटलं की म्हणायचे, "पोरगी लावती आता." ते दुकानात होते आणि दुकानात नव्हते. मला वाईट वाटायचं, पण एक समाधान होतं. त्यांना कळू दिलं नाही. ते मानानं बाजूला झाले, स्वतःच्या मर्जीनं.

त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. पायाची जखम त्यांना कळली नाही आणि आम्हाला कळली तोपर्यंत उशीर झाला होता. नांदेडच्या दवाखान्यात शेवटी ते बोटांनी चादरीची किनार घासत राहायचे, अंगठा न् पहिलं बोट. मी ते बघून बाहेर जायचे.

हे सगळं परवा गंगाधररावांचा ब्लॉक आला तेव्हा वर आलं. लायनर-पिस्टनचं काम होतं. ते स्टुलावर बसले, त्याच जागी. केस पांढरे झालेत.

"मिस्त्रीच्या हातचं काम, ताई. म्हणून इतके हंगाम चाललं," ते म्हणाले. "टॅपेटला मंग कुणी हात बी न्हाई लावला."

मी बाभळीची फळी घेतली, नंबरानं टॅपेट काढून उभे केले. कॅम आणि क्रँक आधीच निघाले होते. घरं खालून बघायला ब्लॉक उलटा केला, फडक्यानं काजळी पुसली आणि बॅटरी मारली. दोन नंबरच्या बुशची रेघ दिसली, केसाएवढी. वरून मी कड घासून बेमालूम केली होती. खालून ती पहिल्यापासून दिसत असणार. मी वरच्या बाजूचाच विचार केला होता.

रेघेच्या शेजारी ठिपका होता.

एकच, पण जागा किंचित चुकलेली, कडेला लागून. मी पाच नंबरकडं बॅटरी नेली. तिथं आधी एक ओरखडा होता, पंच निसटल्याचा. मग एक अर्धवट ठिपका. मग आणखी एक, वाकडा. आणि या तिन्हींच्या शेजारी, शेवटी, एक खोल, स्वच्छ ठिपका. हातात पंच धरलाय की नाही हे ज्याला कळत नाही अशा माणसानं, तो नीट बसेपर्यंत मारत राहिलेला. मी भिंतीपलीकडं भाकरी खात होते तेव्हा.

"काय झालं, ताई? घरं गेली का?" गंगाधररावांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "घरं चांगली हायत. पण ही दोन बाबाची न्हाईत, गंगाधरराव. ही मी बसवली होती. तुमच्यापासून लपवून."

ते उठून आले, वाकून बघितलं. त्यांना ठिपक्याची रीत माहीत होती. त्या चुकलेल्या ओरखड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ठिपका तं मिस्त्रीचाच हाय," ते म्हणाले.

"व्हय. ठिपका त्यांचाच हाय."

ते गेल्यावर मी शटर ओढून घेतलं. दुकान आमचं बारा पावलांचं. दोन माणसांनी एकमेकांपासून काही लपवावं एवढी जागा तिथं नाही, तरी आम्ही दोघांनी एक सबंध हंगाम आणि त्यानंतरचे सगळे दिवस लपवलं. मी त्यांना कळू दिलं नाही असं मला वाटत होतं, आणि त्यांना कळलंय हे त्यांनी मला कळू दिलं नाही. त्यांनी माझं काम बघितलं होतं. ते चांगलं होतं, हे त्यांना सांगायचं असणार. माझ्याकडं बघून सांगायची वाट मीच बंद केली होती, म्हणून त्यांनी ते लोखंडात सांगून ठेवलं.

मी पातळ तेलाचा डबा घेतला. थेंब बोटावर घासून बघितला. पाच नंबरच्या घराखाली अंगठा धरला आणि टॅपेट सोडला. तो सावकाश उतरत आला. घरानं अजून दम धरलाय.

बाबा, अंगठ्याला काय होतंय, असं मी त्यांना एकदाही विचारलं नाही.